दहा महिने फायबरचे: लांज्याजवळच्या एका वाडीतील अनुभव

२०२४ च्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी लांजा तालुक्यातील आमच्या वाडीत फायबरची केबल आली आणि तिच्यावरची पहिली जोडणी आमच्या घरी झाली. त्याला आता दहा महिने होत आले. या काळात आंब्याचा हंगाम, यंदाचा लवकर उतरलेला पाऊस आणि गणपती हे तिन्ही पाहून झाले, त्यामुळे काही लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे. जोडणी झाली त्या आठवड्यात लिहायला बसले असते तर वेगाचे कौतुक करूनच थांबले असते. आज वेगाविषयी मला फार थोडे सांगायचे आहे.

ते थोडे आधीच सांगून टाकते. आमचा प्लॅन ६० एमबीपीएसचा असून त्याचे महिन्याला ४९९ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये होतात. केबल, राउटर आणि मजुरी मिळून सुरुवातीला ३,२०० रुपये वेगळे गेले. लॅपटॉपला तार लावून मोजले तर दिवसा ५७-५८ मिळतात आणि अपलोडचा आकडाही जवळजवळ तेवढाच येतो. माझ्या दृष्टीने हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, कारण रत्नागिरी आणि डोंबिवलीतील आठ दुकानदारांचे हिशेब व जीएसटीची विवरणपत्रे मी घरून सांभाळते आणि स्कॅन केलेल्या बिलांचे गठ्ठे पाठवताना पूर्वी चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यावरच अडलेली असे.

पूर्वी म्हणजे तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी आणि त्याच तारेवरचे ब्रॉडबँड होते. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की मोडेमची तार काढून ठेवण्याची घरात शिस्त होती. ती एकदा पाळली गेली नाही आणि मोडेम जळाला. पुढे तारच निकामी झाली, ती पुन्हा कोणी जोडली नाही. २०२० च्या टाळेबंदीत मोबाइल घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचे, रेंजचे दोन दांडे दिसतील त्या दगडावर बसायचे आणि उन्हात पडदा दिसत नाही म्हणून डोक्यावरून ओढणी घ्यायची, असे आम्ही कितीतरी महिने काढले. कोकणातील बहुतेक वाड्यांची हीच कथा असल्यामुळे ती लांबवत नाही.

फायबर आमच्यापर्यंत यायला एवढी वर्षे का लागली, हे मात्र सांगण्यासारखे आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली आणि २०१५ मध्ये त्याचे नाव भारतनेट झाले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हे त्याचे उद्दिष्ट होते; म्हणजे मोजमाप पंचायतीपर्यंतचे होते, घरापर्यंतचे नव्हते. देशावर गावठाण एकवटलेले असते, तिथे पंचायतीच्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर निम्मे गाव सापडते. आमच्याकडे एका पंचायतीच्या नावाखाली सात-आठ वाड्या असतात आणि दोन वाड्यांच्या मध्ये एखादा पऱ्या, एखादी घाटी आणि काजूची बाग असते. आमच्या घरापासून पंचायतीचे कार्यालय पायवाटेने सव्वादोन किलोमीटर आहे. नकाशावर गाव जोडलेले आणि वाडी कोरडी, ही स्थिती या भूगोलातूनच येते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे स्वतंत्र उद्दिष्ट घातले गेले आणि मुख्य केबलची मांडणी सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार करण्याचे ठरले, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी. हे योग्यच झाले. पण वर्तुळ पंचायतीपाशी संपते, आणि तिथून वाडीकडे येणारी केबल कोणीही टाकली तरी ती एकेरीच असते, याचा अर्थ मला जूनमध्ये कळला.

आमची जोडणी सरकारी नाही. पूर्वी टीव्हीची केबल देणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकाने बाजारपेठेतून विजेच्या खांबांवरून आणि जिथे खांब नाहीत तिथे सरळ झाडांवरून फायबर ओढत आणले. वाडीच्या तोंडाशी खांबावर एक काळा डबा आहे. त्यात येणारा एक धागा आठ घरांना वाटला जातो आणि या वाटणीसाठी तिथे विजेची गरज नसते; काचेतून आलेला प्रकाश काचेतच विभागला जातो. बाजारपेठेपासून आमच्या पडवीपर्यंत वाटेत कुठेही वीज लागत नाही, हा या व्यवस्थेचा मला सर्वांत आवडलेला गुण आहे. विजा चमकत असताना फायबरमधून राउटर जळण्याची भीतीही नाही, कारण काचेतून वीज वाहत नाही. अडॅप्टर तेवढा प्लगमधून काढावा लागतो.

जोडणी करणाऱ्या मुलाने शेवटी एक लहानसे यंत्र लावून आकडा दाखवला होता: उणे १९. घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचे ते माप. उणे २७ च्या खाली गेले की राउटर तग धरत नाही, असे तो म्हणाला आणि मी ते दोन्ही आकडे राउटरच्याच पाठीवर पेनने लिहून ठेवले. हे लिहून ठेवणे पुढे फार उपयोगी पडले.

यंदा पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला. दर वर्षी मेअखेरीस तारांवर आलेल्या फांद्या छाटल्या जातात, ती छाटणी अर्धवट राहिली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमचे नेट दर पंधरा मिनिटांनी जाऊ-येऊ लागले. तक्रार नोंदवली की पलीकडची बाई राउटर बंद करून चालू करायला सांगे. असे चार दिवसांत अकरा वेळा झाले. अखेर तोच मुलगा आला, त्याने यंत्र लावले आणि म्हणाला, “वहिनी, लाइट येतोय, पण मेलेला येतोय.” आकडा उणे २८ होता. या मापात तीनचा फरक पडला की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे नऊच्या फरकाने तो एक-अष्टमांशावर आला होता. कुठेतरी भिजून जड झालेली फांदी केबलवर टेकून तिला वाकवत असणार, असा त्याचा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी बघतो म्हणून तो गेला आणि त्याच रात्री, १७ जूनला, ऐनाच्या झाडाची ती फांदी केबल घेऊनच खाली आली. राउटरवर लाल दिवा लागला तो चार दिवस विझला नाही.

२० तारखेला मासिक विवरणपत्राची मुदत असते आणि उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क लागते, वर व्याज वेगळे. रक्कम मोठी नसली तरी आठ माणसांच्या विश्वासाचा प्रश्न होता. मी १९ तारखेला छत्री, लॅपटॉप आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन पुन्हा सड्यावर गेले, तेवढ्याने भागेना म्हणून २० तारखेला सकाळच्या एसटीने लांज्याला जाऊन एका ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसले आणि आठही विवरणपत्रे तिथून भरली. पाच वर्षांपूर्वी ज्या दगडावर बसत असे त्याच दगडावर महिन्याचे ५८९ रुपये भरूनही बसावे लागले, याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

दुरुस्तीला चार दिवस का लागावेत? केबल मिळत नव्हती असे नाही, माणूसही होता. काचेचे धागे वितळवून जोडणारे स्प्लायसिंगचे यंत्र त्या व्यावसायिकाकडे एकच आहे आणि त्या आठवड्यात पाच गावांत केबल तुटल्या होत्या. २१ तारखेला ते यंत्र आमच्या वाडीत आले, तेव्हा मी मुद्दाम उभी राहून पाहिले, किंबहुना छत्री धरायला माणूस हवा होता म्हणून मला उभे राहावेच लागले. खांबावर राखून ठेवलेला जादा केबलचा वेटोळा खाली घेऊन मोटारसायकलच्या सीटवर जोडणाऱ्याने कापड पसरले. वरचे काळे आवरण सोलले, आतला केसासारखा धागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, एका चिमट्यासारख्या कातरीने टच् आवाज करून कापला आणि यंत्राचे झाकण लावले. लहानशा पडद्यावर दोन जाड खांब समोरासमोर येताना दिसले, एक ठिणगी पडली आणि ते एकजीव झाले. खाली ०.०२ असा आकडा आला, म्हणजे जोडात प्रकाश जवळजवळ वाया जात नव्हता. धाग्याची जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी आणि त्यातला प्रकाश जाणारा गाभा त्याहूनही कितीतरी बारीक. पावसाचा एक थेंब पडला तरी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या धाग्याच्या वेळी तसे झालेही. घरी येऊन त्याने माप घेतले: उणे १९.६. तोही मी राउटरच्या पाठीवर लिहिला आहे.

विजेचा प्रश्न वेगळा. राउटरला १२ व्होल्टची छोटी यूपीएस १,४०० रुपयांना घेतली आहे, ती साधारण चार तास चालते. पण बाजारपेठेतील, जिथून प्रकाश सोडला जातो त्या मुख्य यंत्राची बॅटरी आमच्याआधी संपली तर घरच्या यूपीएसचा उपयोग नाही. माझ्या सासूबाईंचे या बाबतीत स्पष्ट मत आहे की जुना फोन बरा होता. त्यांचे म्हणणे हट्टाचे नाही. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टची वीज येत असे, त्यामुळे रात्रभर काळोख असला तरी रिसीव्हर उचलल्यावर टोन मिळे. आता फोन राउटरला जोडलेला आहे आणि राउटर गेला की फोनही गेला. ज्यांच्या घरात हृदयविकाराचा रुग्ण किंवा वयोवृद्ध माणूस असेल त्यांनी जुनी जोडणी चालू असल्यास ती घाईने काढून टाकू नये आणि यूपीएसचा खर्च जोडणीच्या खर्चातच धरावा.

घराच्या आत चिऱ्याच्या भिंतींचा अडथळा येतो. राउटर पडवीत असल्याने माजघरात बरा वेग मिळतो, स्वयंपाकघरात मात्र तो ९ एमबीपीएसवर घसरतो. वाशांच्या कडेने २५ मीटर तार नेऊन मागे दुसरा राउटर बसवला, तेव्हा प्रश्न मिटला.

गणपतीत, म्हणजे २७ ऑगस्टच्या आधी दोन-तीन दिवसांपासून, निराळीच परीक्षा झाली. वाडीत बावीस घरे असली तरी एरवी दिवे नऊच घरांत लागतात. गणपतीला बावीसही उघडतात. बंद घरांतील काहींनी “गणपतीपुरते” म्हणून एका महिन्याचे रिचार्ज करून घेतले आणि रात्री आठ ते अकरा आमचा वेग सहा-सातवर आला. आमच्या डब्यात येणाऱ्या धाग्याची क्षमता अडीच गिगाबिटची आहे, त्यामुळे आठ घरांच्या आरत्यांचे व्हिडिओ त्यात सहज मावतात. अपुरी पडली ती व्यावसायिकाने वरून विकत घेतलेली एकूण क्षमता, जी सगळ्या गावांत मिळून वाटली जाते. तक्रार केल्यावर त्याने ते मोकळेपणाने मान्य केले, पण वर्षातले पंधरा दिवस सोडून उरलेल्या काळासाठी जास्तीची क्षमता विकत घेणे त्याला परवडत नाही. त्याचा हिशेब मला पटतो. आरतीच्या वेळी डोंबिवलीच्या नणंदेचा व्हिडिओ थिजतो तेव्हा मात्र पटत नाही. दुसरीकडे, याच जोडणीमुळे पुतण्याला गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरही आठ दिवस माजघरात बसून ऑफिस करता आले, हेही खरे.

पुढचे पैसे भरताना बारा महिन्यांवर सूट होती, तरी मी सहाच महिन्यांचे भरले. पुढच्या जूनच्या आधी दुसरे स्प्लायसिंग यंत्र येते का आणि ऐनाच्या उरलेल्या फांद्या छाटल्या जातात का, हे पाहून पुढचे ठरवीन. शेजारच्या गावातले लोक कोणता प्लॅन घ्यावा असे विचारतात, त्यांना मी प्लॅन सांगत नाही; डबा घरापासून किती मीटरवर आहे, केबल खांबांवरून येते की झाडांवरून, स्प्लायसिंगची यंत्रे किती आहेत आणि जोडणीच्या दिवशी प्रकाशाचे माप किती आले, एवढे विचारून घ्या असे सांगते.

आमच्या वरच्या वाडीतील तीन घरांना अजून जोडणी नाही. डब्यापासून ती साडेसहाशे मीटरवर आहेत आणि तिथे झाडांवरून केबल नेऊ नका, खांब घाला, असे जूनचा प्रकार पाहिल्यावर त्यांनीच सांगितले. सात खांबांचा निम्मा खर्च त्यांनी द्यायचा असे ठरून गेल्या रविवारी खड्डे काढायला सुरुवात झाली. पहिल्या तीन खड्ड्यांना माती लागली, चौथ्याला दीड फुटावर कातळ लागला आहे आणि ब्रेकरचे भाडे कोणी द्यायचे यावर सध्या काम अडले आहे.