जिवंत जिवाणू की कोरडा कागद?

रोगजंतू ओळखायला जनुकबदल केलेले जिवाणू वापरायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: हे बाहेर सुटले तर? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. चाचणीच्या नळीत आपला ई. कोलाय, म्हणजे ओळखण्यासाठी जनुकबदल केलेला जिवाणू, एकटा नसतो. ज्याला शोधतोय तोही शेजारीच असतो. स्यूडोमोनास या रोगजंतूने सोडलेला संकेतरेणू टिपून ई. कोलाय हिरवा चमकला, की रॅकमधली सगळ्यात धोक्याची नळी तीच. पोषक द्रव, 37 अंशांची ऊब, हाताशी काही तास, पाहुण्याचीही चंगळच.

जिवंत जिवाणूची बाजू आधी घेतो. तो स्वस्त पडतो, स्वतःच वाढतो, पुन्हा पुन्हा वाचन देतो. प्रयोगशाळेतला दुबळा के-12 वाण घ्या, बदल प्लाझ्मिडवर (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर) न ठेवता गुणसूत्रात बसवा, प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक खूण म्हणून मागे ठेवू नका. एवढं किमान झालंच पाहिजे. खरा वाद कुलुपाचा, म्हणजे बाहेर सुटलेला जिवाणू जगू नये यासाठीच्या जनुकीय सोयीचा. किल स्विच, म्हणजे सुटलेल्या पेशीला मारणारं जनुक, ऐकायला भारी वाटतो, पण ज्या पेशीत उत्परिवर्तनाने तो मोडला, तीच जगते आणि पसरते. पोषकद्रव्यावर अवलंबून ठेवलेला जिवाणू मला जास्त भरवशाचा वाटतो, मात्र ते द्रव्य निसर्गात सहज मिळणारं नको. 2015 मध्ये कृत्रिम अमिनो आम्लाशिवाय जगू न शकणारे ई. कोलाय तयार झाले, ते याचसाठी.

आकडाही तपासून घ्या. दहा कोटींत एकापेक्षा कमी पेशी सुटाव्यात, हा जुना मान्य निकष. पण रात्रभर वाढवलेल्या एका मिलिलीटरमध्ये अब्जभर पेशी असतात. म्हणजे निकषाच्या काठावरचं कुलूप लावलं, तरी मिलिलीटरमागे दहाएक पेशी निसटू शकतात!

म्हणून जेलच्या मण्यात कोंडलेला जिवाणू हा मधला मार्ग. संकेतरेणू आत जातो, पेशी बाहेर येत नाही. नुसतं अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचं जेल) ठिसूळ; भोवती चिवट कवच हवं. जनुकीय कुलूप आणि ही भिंत एकाच चुकीने मोडत नाहीत, हा मोठा फायदा. नमुन्यातला रोगजंतू मात्र मण्याबाहेर मोकळाच.

कागदी चाचणीत पेशी फोडून त्यांतली यंत्रणा वाळवून कागदावर ठेवतात. पाण्यासोबत नमुना पडला की ती जागी होते आणि त्यात जंतूचा आरएनए (जनुकीय रेणू) आहे का ते सांगते. 2014 मध्ये हे दिसलं, 2016 मध्ये झिकासाठी वापरून पाहिलं. सुटायला जिवंत काही नाही, त्यामुळे जिवंत जनुकबदल सजीवांसाठीचा कार्टाहेना करारही लागू होत नाही. शिवाय नमुना आधी कडकडीत तापवता येतो, म्हणजे नळीतला पाहुणाही मेलेला. उणिवा दोन: कागद एकदाच चालतो आणि मेलेल्या जंतूच्या आरएनएलाही ‘आहे’ म्हणतो.

प्रयोगशाळेबाहेर न्यायचं असेल तर मी डोळे झाकून कागद घेईन. अपवाद आतड्याचा, तिथे कागद पोचत नाही. 2018 मध्ये उंदरांत कॉलरा ओळखायला लॅक्टोकोकस लॅक्टिस वापरला. दुधातला हा जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाही, येतो तसा निघून जातो.

जिवंत घेतलाच, तर विल्हेवाट आधी ठरवा. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) लावायच्या टेपवर काळ्या रेघा उठल्या म्हणजे बाहेरून उष्णता लागली, इतकंच. ठासून भरलेल्या पिशवीच्या पोटात 121 अंश पोचले का, ते उष्णतेला चिवट बीजाणूंची कुपी मधोमध ठेवल्याशिवाय कळत नाही.