दहावीतली धडधड: आधी फोन, की थेट ओरोस?

सकाळी शाळेची एसटी यायच्या वेळेलाच पोटात कळ, हातांना घाम, छातीत धडधड. आणि रविवारी पोरगा ठणठणीत. घरचे आधी दृष्ट काढतात, मग गावच्या डॉक्टरकडून पित्ताची गोळी आणतात. नाटकं मात्र तो करत नसतो, ही चिंतेची (anxiety) लक्षणं असू शकतात. धोका समोर नसतानाही शरीर पळायच्या तयारीत असतं. घरी ठेवलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण भीती तेवढीच मुरते.

मदतीच्या वाटा दोन. टेली-मानस, म्हणजे 14416, ही केंद्र सरकारची 2022 साली सुरू झालेली मानसिक आरोग्याची फोनसेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतही. रात्री दोन वाजता अंथरुणात तळमळणाऱ्या मुलीला याचाच आधार. वाडीत कोणाला कळतही नाही (आमच्याकडे ही भीती आजाराहून मोठी). अडचण रेंजची, आणि चार खोल्यांच्या घरात आडोशाची.

दुसरी वाट ओरोसची, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयाची. तिथल्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर दिवस मोडतो, बापाचा रोजही बुडतो. पण डॉक्टर समोरासमोर बोलतात, थायरॉइड किंवा रक्तक्षय तर नाही ना हे तपासता येतं. टाळलेल्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायची सवयही समुपदेशक भेटीगणिक लावतो. एका फोनवर ते होत नाही.

माझं मत: सुरुवात फोनने करा. शाळा, झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर ओरोस गाठा. जीव द्यायची भाषा आली तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी निघा.