लेव्हल आधी उतरवावी की शेवटी लिमिटर लावावा?

भजनाचं रेकॉर्डिंग घरी मिक्स करायला घेतलं, की पाच-सहा ट्रॅक एकत्र येताच मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात त्या शेवटच्या चॅनेलवरचा, लाल दिवा लागतो. तिथून वाटा दोन. ट्रॅक आहेत तसे ठेवून मास्टरवर लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवर जाणारा आवाज दाबणारं साधन) लावायचा, किंवा प्रत्येक ट्रॅकची लेव्हल मुळातच खाली घ्यायची. मी दोन्ही वाटांनी काम केलं आहे.

लिमिटरची बाजू कमजोर नाही. आजची बहुतेक सॉफ्टवेअर आतून ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटवर चालतात. त्यामुळे ट्रॅक शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल कमाल मर्यादेच्या, वर गेला तरी आतल्या आत काही फाटत नाही. फाटतं ते साउंडकार्डातून किंवा १६-२४ बिटच्या फाइलमध्ये बाहेर पडताना. (रेकॉर्डिंगच फाटलेलं असेल तर मात्र दोन्ही वाटा बंद.) उद्या सकाळी गाणं द्यायचं असेल तर मीही कदाचित लिमिटरच लावेन.

माझं मन फिरलं ते एका अभंगाच्या गजरात. लय चढली, पखवाज रंगात आला आणि कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडली की दर वेळी गायक पाऊलभर मागे सरकायचा, झांजाही दबायच्या. गायकाचा ट्रॅक एकटा ऐकला की स्वच्छ. म्हणून त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) दोन डेसिबल वर नेला, तर लिमिटरनं सगळंच आणखी दाबलं आणि कानाला फरक कळेना. मग पखवाज वर, मग पुन्हा गायक. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. लिमिटर पाहतो ती सगळ्या ट्रॅकची बेरीज. खर्जातला ठोका त्या बेरजेत सर्वांत मोठा, आणि त्याच्यासाठी खाली ढकलला जातो सगळा मेळ. फेडर हलवून ऐकू येत नसेल, तर मिक्स करायचं कशाच्या भरवशावर?

ट्रॅक आधी उतरवण्याचं काम कंटाळवाणं आहे, हे कबूल. प्रत्येक क्लिपचा गेन (मुळातली पातळी) असा लावतो की सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास राहील आणि पीक (आवाजाच्या क्षणिक उसळ्या) उणे १० च्या फार वर जाणार नाहीत. जुन्या ॲनालॉग यंत्रांची नक्कल करणारे बरेच प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) साधारण याच पातळीला खुलतात. हे प्लगइन लावण्याआधीच करावं. नंतर गेन हलवला की कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून तो आवाज दाबू लागतो ती) चुकतो. नुसता फेडर ओढून हे साधत नाही, कारण तो बहुधा प्लगइनच्या नंतर येतो. आवाज बारीक वाटला तर स्पीकरचा नॉब वाढवावा. दर्जा घटेल ही भीतीही मला अनाठायी वाटते: एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल, तेव्हा २४ बिटच्या फाइलमध्ये १८ डेसिबल उतरलो तरी तीनच बिटांचा प्रश्न. घरातल्या पंख्याचा आवाज त्याहून कितीतरी वर असतो.

शिवाय लिमिटरनं कमावलेला मोठेपणा श्रोत्यापर्यंत क्वचितच पोचतो. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणतं, यूट्यूबही मोठी गाणी खाली ओढतं.

लिमिटर मी काढून टाकलेला नाही. एमपी३ करताना पीक थोडे वर उसळतात, म्हणून तो अगदी शेवटी उणे १ डेसिबलवर बसवतो. त्या अभंगाच्या नव्या मिक्समध्ये त्याला दीड-दोन डेसिबलपलीकडे काम पडलं नाही, आणि गजरात गायक जागचा हलला नाही.