३ टेस्ला की ७ टेस्ला? मेंदूवर संशोधन करणाऱ्यांसाठी

प्रश्न एमआरआय यंत्राचा आहे; टेस्ला हे त्याच्या चुंबकक्षेत्राचं माप. आधी मत सांगून टाकतो. थोड्या माणसांच्या मेंदूत खोल शिरायचं असेल तर ७ टेस्ला, पुष्कळ माणसं तपासायची असतील तर ३. मेंदूतल्या तंतूंचे मार्ग शोधायचे असतील, तर टेस्लाचा आकडा बाजूला ठेवून ग्रेडियंट, म्हणजे जागेनुसार बदलणारी जास्तीची चुंबकक्षेत्रं, किती जोरदार आहेत ते विचारा.

चुंबकक्षेत्र वाढलं की सिग्नल वाढतो, आणि तो बारीक व्हॉक्सेल (चित्राचे छोटे घन तुकडे) घेण्यासाठी वापरता येतो. फंक्शनल एमआरआयला, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना ते टिपणाऱ्या स्कॅनला, याचा दुहेरी फायदा. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नल बदलतो, हा बोल्ड परिणाम सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये बेल लॅब्जमध्ये दाखवला; तोही क्षेत्राबरोबर ठळक होत जातो. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा करणाऱ्या प्रकल्पात फंक्शनल एमआरआयचा व्हॉक्सेल ३ टेस्लावर २ मिमीचा होता, ७ वर १.६ मिमीचा. ऐकायला किरकोळ, पण घनफळ जवळपास निम्मं होतं. कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण, जेमतेम २ ते ४ मिमी जाड. त्याचे थर वेगळे पाहायचे तर व्हॉक्सेल ०.८ मिमीच्या आसपास लागतो, आणि तिथे ३ टेस्लाची दमछाक होते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात मेंदूत पडणाऱ्या डागामधून जाणारी बारीक शीरही ७ वर स्वच्छ दिसते.

आता ७ ची किंमत, आणि ती नुसती पैशातली नाही. या क्षेत्रात सिग्नल मिळवण्यासाठी सोडलेली रेडिओलहर सुमारे २९८ मेगाहर्ट्झची असते आणि मेंदूत तिची तरंगलांबी साधारण १३ सेंटिमीटर, म्हणजे डोक्यापेक्षा कमी. त्यामुळे लहरी एकमेकींत मिसळून कुठे जोर धरतात, कुठे विरतात. टेम्पोरल लोबचा (मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा) खालचा भाग आणि लहान मेंदू काळपट येतो. तुमचा प्रश्न नेमका तिथलाच असेल, तर पॅरलल ट्रान्समिट (एकाच वेळी अनेक वाटांनी रेडिओलहर सोडण्याची सोय) आहे का हे आधी पक्कं करा. डोक्याशेजारी ठेवायच्या कॅल्शियम टायटनेटच्या उशा स्वस्त पडतात आणि थोडंफार भागवतातही, पण सगळ्या डोक्याचं काम त्यांनी निभत नाही. शिवाय तीच पल्स (रेडिओलहरीचा झटका) ३ टेस्लाच्या तुलनेत ऊतींमध्ये ढोबळमानाने पाचपट ऊर्जा सोडते. उष्णतेची मर्यादा पाळायची म्हणजे सीक्वेन्स (पल्स सोडण्याचा क्रम) मंद करावा लागतो, आणि कागदावरचा वेग हातातून जातो.

माणसांचाही विचार करावा लागतो. ७ टेस्लाच्या बोगद्यात सरकताना काहींना गरगरतं, जिभेवर धातूची चव येते. म्हणून टेबल सावकाश आत घेतात. ३ टेस्लाला चालणारे अनेक इम्प्लांट ७ साठी तपासलेलेच नसतात. अभ्यास वयस्कर लोकांवर असेल तर या चाळणीत किती जण गळतील, याचा हिशेब प्रस्तावातच मांडा. तरुण विद्यार्थ्यांवर काम करणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नाही.

म्हणूनच मोठे अभ्यास ३ टेस्लावर उभे आहेत. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-अभ्यासाने एक लाख लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं ते ३ टेस्लावरच, आणि अमेरिकेत २१ केंद्रांवर अकरा हजारांहून जास्त मुलांच्या मेंदूच्या वाढीचा एबीसीडी अभ्यासही त्यावरच चालतो. उलट टोकाला नॅचरल सीन्स डेटासेट हा चित्रं दाखवून केलेला अभ्यास: माणसं फक्त ८, पण प्रत्येकाची ७ टेस्लावर ३० ते ४० सत्रं. दोन्ही उत्तम, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होणार नाही.

डिफ्यूजनमध्ये, म्हणजे पाण्याच्या हालचालीवरून तंतूंचे मार्ग शोधण्याच्या पद्धतीत, तर ७ ची बाजू बऱ्याचदा लंगडी पडते. टी२ (सिग्नल ओसरायला लागणारा वेळ) आखूड होतो, म्हणजे पाण्याची हालचाल मोजेपर्यंत सिग्नल ओसरतो. ही मोजणी लवकर उरकायला जोरदार ग्रेडियंट लागतात. नेहमीच्या रुग्णालयीन यंत्रात ग्रेडियंट ४० ते ८० मिलिटेस्ला प्रति मीटर असतात. तंतूंचे मार्ग शोधायला बनवलेल्या बोस्टनच्या कनेक्टोम यंत्रात ३०० होते, आणि ते यंत्र ३ टेस्लाचंच.

अजून ठरत नसेल तर यंत्राची वेळ मागण्याआधी ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टचा डेटा उतरवून घ्या. त्यातल्या १८४ जणांचं स्कॅनिंग ३ आणि ७ दोन्हींवर झालं आहे. तुमचा मेंदूचा भाग निवडा, तुमचं विश्लेषण दोन्हींवर चालवा, आणि तिथला सिग्नल खरंच सुधारतो का ते पाहा.