जँगो अॅडमिनच्या यादीत ओळीओळीला बटण: दोन बहार वापरल्यानंतर

कळमना बाजारातल्या एका संत्र्याच्या अडतीची आवक-नोंद जँगोच्या (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या) अॅडमिनवर, म्हणजे त्याच्या तयार व्यवस्थापन-पानांवर, चालते. अंबिया बहाराची आवक सुरू झाली तेव्हा लॉटच्या यादीत प्रत्येक ओळीला दोन बटणं बसवली, ‘पट्टी’ (शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद) आणि ‘लॉट बंद’. आता मृग बहाराची आवकही सरत आली. जँगोची आवृत्ती ५.२. बटण दाखवणं अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते दाबल्यावरची सगळी जबाबदारी तुमच्या अंगावर येते. यादीच्या वरच्या ड्रॉपडाउनमधल्या अॅक्शनला (टिक केलेल्या ओळींवर चालणाऱ्या फंक्शनला) त्यातलं बरंच फुकट मिळतं.

हा ड्रॉपडाउन १.१ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. फंक्शनवर ‘अॅडमिन.अॅक्शन’ डेकोरेटर लावला आणि ‘परमिशन्स’ दिल्या की अधिकार नसलेल्याला तो पर्याय दिसतही नाही. काम झालं की यादी फिल्टरसकट परत येते. पन्नास लॉट एकदम हाताळायचे असतील तर दुसरं काही शोधूच नका. अडचण एका लॉटची आहे. गेटवर एमएच ४० ची गाडी उभी असताना टिक करा, पर्याय निवडा, ‘गो’ दाबा, एवढा व्याप कोणी करत नाही.

बटणाची जोडणी अशी: ‘लिस्ट_डिस्प्ले’मध्ये (यादीतल्या रकान्यांमध्ये) एक मेथड, ती ‘फॉरमॅट_एचटीएमएल’ने बटण परत करते. बटणाचा पत्ता ‘गेट_यूआरएल्स’मध्ये नोंदवायचा आणि व्ह्यूला (त्या पत्त्यावर चालणाऱ्या फंक्शनला) ‘अॅडमिन_व्ह्यू’ने गुंडाळायचं. आपले पत्ते मूळ यादीच्या आधी जोडा. मूळ यादीच्या शेवटी काहीही पकडणारा पत्ता असतो. तुमचा पत्ता त्याच्यामागे गेला तर तो अख्खा तुकडा आयडी समजला जातो आणि ‘अशी नोंद नाही, बहुधा खोडली असेल’ अशा अर्थाचा संदेश घेऊन माणूस मुखपृष्ठावर पोचतो.

‘पट्टी’ नुसती वाचते, म्हणून तिला साधी लिंक पुरते. ‘लॉट बंद’ डेटा बदलतं, म्हणजे नुसतं वाचणारी गेट रिक्वेस्ट नको, फॉर्ममधून जाणारी पोस्ट रिक्वेस्टच हवी. (जँगोने ५.० मध्ये लॉगआउटसुद्धा गेट रिक्वेस्टने करणं बंद केलं, तिथे हिशेबाचं काय घेऊन बसलात.) मग प्रत्येक ओळीत छोटा फॉर्म टाकायचा मोह होतो, आणि खरी गंमत इथेच आहे. अॅडमिनची सगळी यादी आधीच एका मोठ्या फॉर्ममध्ये असते आणि एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या पोटात फॉर्म चालत नाही. ब्राउझर आतला पहिला फॉर्म गाळतो, पण त्याचा शेवटचा टॅग मोजतो, म्हणून पुढच्या ओळींचे फॉर्म तयार होतात. परिणाम असा की पहिल्या ओळीचं बटण दाबलं तर यादी नुसती पुन्हा उघडते आणि बाकीच्या ओळी व्यवस्थित चालतात. ‘दाबलं तर काहीच होऊन नाही राहिलं’ अशी तक्रार फक्त सगळ्यात वरच्या लॉटबद्दल आली, तर आधी हेच बघा.

दुसरा मार्ग, बटणाला ‘फॉर्मअॅक्शन’ देऊन मोठ्या फॉर्मवरच स्वार होणं. सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) आयतं मिळतं. पण ब्राउझरमध्ये एंटर दाबलं की फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण दाबलं जातं. वरचा ड्रॉपडाउन बंद असेल आणि वजन ‘लिस्ट_एडिटेबल’मध्ये (यादीतच बदलता येणाऱ्या फील्डमध्ये) असेल, तर वजन टाकून एंटर मारणाऱ्याच्या हातून पहिल्या ओळीचा लॉट बंद होतो. शिवाय यादीतली सगळी फील्ड सोबत जातात आणि त्यांची मर्यादा मुळात १,००० आहे.

टिकला तो तिसरा मार्ग. यादीच्या टेम्प्लेटमध्ये ‘कंटेंट’ ब्लॉकच्या शेवटी, मोठ्या फॉर्मच्या बाहेर, एकच रिकामा फॉर्म ठेवायचा: त्यात टोकन आणि ‘नेक्स्ट’ नावाचं लपलेलं फील्ड, ज्यात सध्याचा पूर्ण पत्ता. ओळीतल्या बटणाला ‘फॉर्म’ अॅट्रिब्यूटने तो फॉर्म जोडायचा, ‘फॉर्मअॅक्शन’ने लॉटचा पत्ता द्यायचा. एंटरची भानगड मिटते आणि फिल्टरसकट परत येता येतं. फक्त ‘नेक्स्ट’मधला पत्ता आपल्याच होस्टचा (साइटचा) आहे ना, हे व्ह्यूमध्ये तपासा. न साठवलेली वजनं मात्र याही मार्गाने हरवतात, म्हणून ‘लिस्ट_एडिटेबल’ आणि ओळीतलं बटण एका यादीत ठेवूच नये असं माझं मत आहे. फिल्टर लक्षात ठेवायला रिक्वेस्ट ‘सेल्फ’वर (मॉडेलअॅडमिन या यादी चालवणाऱ्या क्लासच्या ऑब्जेक्टवर) साठवण्याचा सल्लाही मिळतो, तो ऐकू नका. मॉडेलअॅडमिनचा एकच ऑब्जेक्ट सगळ्यांना वाटून वापरला जातो, एका मुनीमाची रिक्वेस्ट दुसऱ्याच्या यादीत शिरेल.

‘अॅडमिन_व्ह्यू’ माणूस स्टाफ आणि सक्रिय आहे एवढंच बघतो, मॉडेलचा अधिकार बघत नाही. बटण लपवलं तरी पत्ता टाइप करणाऱ्याला अडवत नाही. नोंद ‘सेल्फ.गेट_ऑब्जेक्ट’ने काढा आणि ‘हॅज_चेंज_परमिशन’ स्वतः तपासा.

नेट रेंगाळलं की बटण दोनदा दाबलं जातंच. ट्रान्झॅक्शनमध्ये ‘सिलेक्ट_फॉर_अपडेट’ने ओळ धरा, लॉट अजून उघडा आहे का बघा, मगच बंद करा. एसक्यूलाइटवर हे कुलूप लागत नाही, चाचणी पोस्टग्रेसवरच घ्या. ‘अपडेट’ने थेट बदलणं आखूड आहे, पण ‘सेव्ह’ मेथड आणि सिग्नल (साठवताना आपोआप चालणारी फंक्शन्स) दोन्ही टळतात. हमाली-तोलाईची बेरीज ‘सेव्ह’मध्ये असेल तर ती होणारच नाही.

‘लॉग_चेंज’ची ओळ विसरू नका. त्याशिवाय नोंदीच्या ‘इतिहास’ पानावर लॉट कोणी बंद केला ते कधीच दिसत नाही, आणि शेतकरी पट्टी घेऊन समोर उभा राहिला की पहिला प्रश्न तोच असतो.

बटणाच्या मेथडमधून शेतकऱ्याचं नाव वाचत असाल तर ‘लिस्ट_सिलेक्ट_रिलेटेड’ लावा. फॉरेन की (दुसऱ्या टेबलाकडे नेणारं फील्ड) थेट ‘लिस्ट_डिस्प्ले’त असेल तर जँगो जोडणी आपणहून करतो, मेथडच्या आत डोकावत नाही. पानावर मुळात १०० ओळी, म्हणजे १०० जादा क्वेरी.

तिसरं बटण मागितलं तर नाही म्हणा, ते नोंदीच्या आतल्या पानावर टाका. एवढं सगळं हाताने करायचं नसेल तर जँगो-अनफोल्ड या अॅडमिनच्या वेगळ्या पॅकेजमध्ये ‘अॅक्शन्स_रो’ आहे, पण त्यासाठी अॅडमिनचं अख्खं रूप बदलावं लागतं. दोन बटणांसाठी तेवढं करू नये.