चालू लिनक्स संगणकातली हार्ड डिस्क बदलायची तर: डॉक, रॅक की एसएएस कार्ड?

दादरच्या आमच्या ध्वनिसंकलनाच्या खोलीत रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची प्रत एका हार्ड डिस्कवर उतरते, ती डिस्क पिशवीतून लोकलने डोंबिवलीला जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची जोडीदार परत येते. ही अदलाबदल संगणक बंद न करता व्हावी, एवढीच आमची गरज होती. तीन मार्ग वापरून पाहिल्यावर माझे मत मोबाइल रॅकच्या बाजूने पडले. मात्र तो सर्वांनाच सोयीचा ठरेल असे नाही.

यूएसबी डॉक, म्हणजे उघडी डिस्क खोचून यूएसबीने संगणकाला जोडणारी बैठक. तिला कसलीही तयारी लागत नाही. 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात, त्यामुळे स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला डॉक घेतला की काम भागते, आणि यूएसबी 3.0 ची सेकंदाला 5 गिगाबिटची मर्यादा फिरत्या तबकड्यांच्या डिस्कला जाणवतही नाही. खोड असते ती आतल्या ब्रिज चिपमध्ये, म्हणजे डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलणाऱ्या चिपमध्ये. काही चिप डिस्कच्या प्रकृतीची स्मार्ट (SMART) नावाची माहिती लिनक्सपर्यंत पोहोचू देत नाहीत, तर काही 512 बाइट सेक्टरची (सेक्टर म्हणजे डिस्कवरच्या जागेचा सर्वांत लहान तुकडा) डिस्क 4096 बाइटची असल्याचे भासवतात. या दुसऱ्या खोडीपायी माझी एक दुपार गेली: डॉकमध्ये फॉरमॅट केलेली 4 टेराबाइटची डिस्क थेट मदरबोर्डला जोडली, तेव्हा तिच्यावर एकही पार्टिशन दिसेना. डेटा जागच्या जागी होता, पण त्याच डॉकमध्ये परत घातल्याशिवाय तो वाचता येईना. तो डॉक उद्या बिघडला, तर त्याच चिपचा दुसरा मिळवण्यासाठी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पालथा घालावा लागेल.

मोबाइल रॅक म्हणजे 5.25 इंची खाचेत बसणारा कप्पा. तो मदरबोर्डच्याच सॅटा पोर्टला, म्हणजे डिस्क जोडायच्या नेहमीच्या खोबणीला, जोडला जातो, त्यामुळे मधे कोणतीही भाषांतर करणारी चिप नसते. सॅटाच्या जोडणीतच ही सोय आहे: ग्राउंडचे (अर्थिंगचे) पिन लांब ठेवलेले असल्याने डिस्क आत सरकताना ते आधी टेकतात. लिनक्सच्या कर्नलमध्येही (गाभ्यातही) याचा आधार 2006 पासून आहे. तरीही रॅक लावल्या लावल्या डिस्क दिसेल असे गृहीत धरू नये. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, सॅटाची पद्धत एएचसीआय ही नवी हवी, आयडीई ही जुनी नव्हे, आणि त्या विशिष्ट पोर्टपुढचा हॉट प्लग (चालू असताना डिस्क जोडणे) हा पर्याय चालू हवा. एवढे करूनही डिस्क घातल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत) काहीच उमटले नाही, तर पोर्टची वीजबचत तपासावी, कारण त्या अवस्थेत पोर्ट नव्या डिस्कची चाहूलच घेत नाही. तिथे कमाल कार्यक्षमतेचे धोरण निवडले की काम होते. शेवटचा उपाय म्हणजे सिस-क्लास-स्कझी-होस्ट (/sys/class/scsi_host) या फोल्डरखालील त्या पोर्टच्या स्कॅन फाइलमध्ये, मधे एकेक जागा सोडून, वजाची तीन चिन्हे लिहिणे.

घालण्यापेक्षा काढण्यात अधिक जपावे लागते. अनमाउंट केल्यावर, म्हणजे लिनक्सला डिस्क सोडायला सांगितल्यावर, डिस्क वापरातून गेली असे वाटते, पण ती फिरतच असते. युडिस्क्स या लिनक्समधल्या साधनाच्या पॉवर-ऑफ आज्ञेने कॅश (डिस्कवर लिहायचा राहिलेला डेटा) रिकामा होतो, डिस्क थांबते आणि कर्नलच्या यादीतून तिचे नाव जाते. त्यानंतर कप्प्याच्या दांडीवर बोट ठेवून घरघर पूर्ण विरेपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबावे आणि मगच कप्पा ओढावा. शिवाय लिनक्समध्ये आज एसडीबी नाव असलेली डिस्क उद्या एसडीसी होऊ शकते, म्हणून एफएसटॅब या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (तिचा कायमचा ओळखक्रमांक) आणि नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) हेच लिहावे, नाहीतर डिस्क डोंबिवलीला राहिलेल्या दिवशी संगणक सुरू होतानाच अडून बसतो.

तिसरा मार्ग एसएएस कार्डाचा, म्हणजे अनेक डिस्क जोडणाऱ्या सर्व्हरच्या कार्डाचा. जुन्या सर्व्हरमधून निघालेली, एसएएस 2008 चिपची आठ पोर्टची कार्डे सेकंडहँड बाजारात मिळतात आणि आयटी फर्मवेअर (डिस्क थेट लिनक्सच्या हाती देणारी कार्डाची आतली आज्ञावली) घातले की लिनक्सबरोबर फार चोख चालतात. चार-सहा डिस्कचा रेड (अनेक डिस्क मिळून एक) सतत चालू असेल आणि बिघडलेली डिस्क कामाच्या मध्येच बदलायची असेल, तर बॅकप्लेनसह (डिस्क थेट खोचायच्या मागच्या पट्टीसह) हाच मार्ग योग्य. तिथे डिस्क ओढण्याआधी एमडीएडीएमला (लिनक्सच्या रेड सांभाळणाऱ्या साधनाला) तसे सांगावे लागते, हे मात्र विसरू नये. एका डिस्कसाठी ते कार्ड मी घेणार नाही. ते सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेले असते, आणि मे महिन्यात एसी नसलेल्या मुंबईच्या खोलीत त्यावर वेगळा पंखा बसवावाच लागतो.

रॅक घेताना त्याला वीज मोलेक्सने (जुन्या चार तारांच्या जोडणीने) मिळते की सॅटाच्या पट्टीने, हे दुकानातच विचारावे. काही नव्या मोठ्या डिस्कमध्ये तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट आले की डिस्क फिरायचेच थांबते. मोलेक्समध्ये तो व्होल्टेज नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. आणि दुकानात जाण्याआधी आपल्या मदरबोर्डच्या बायॉसमध्ये हॉट प्लगची ओळ आहे का ते पाहावे. ती नसली तरी वरचे स्कॅन बहुतेक वेळा चालते, पण रोज संध्याकाळी ही अदलाबदल संगणकाची फारशी माहिती नसलेल्या सहकाऱ्याकडे सोपवायची असेल, तर त्याच्यासाठी डॉकच बरा. फक्त ती डिस्क फॉरमॅटही त्याच डॉकमध्ये करावी आणि सुटा असाच आणखी एक डॉक आधीच घेऊन ठेवावा.