बर्लिनमध्ये प्रायोगिक संगीत ऐकायचं तर: कॅलेंडर, छोटी खोली की महोत्सव?

बर्लिनमध्ये प्रायोगिक संगीताचा एकही कार्यक्रम नाही अशी संध्याकाळ शोधूनच काढावी लागेल. तरीही नव्याने आलेल्या माणसाला महिनोन्‌महिने यातलं काहीच सापडत नाही. कारण हे कार्यक्रम रस्त्यावरच्या पोस्टरवर फारसे नसतात. ते तळघरात होतात, रस्त्यालगतच्या जुन्या गाळ्यात होतात, कुणाच्या स्टुडिओत खुर्च्या मांडून होतात. तिथवर पोहोचायच्या वाटा मुख्यतः चार: एकत्रित कॅलेंडर, एखादी ठरावीक जागा, मोठे महोत्सव आणि ध्वनिकलेसाठी, म्हणजे आवाजातूनच घडवलेल्या कलाकृतींसाठी, गॅलऱ्या. तुमच्याकडे वेळ किती आहे आणि कान कशासाठी आसुसला आहे, यावर निवड ठरते.

आधी कॅलेंडरं. सुधारित, म्हणजे जागीच सुचत जाणाऱ्या वादनासाठी ‘एख्टत्साइटमुझीक’चं कॅलेंडर पाहावं. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमधल्या रिकाम्या इमारतींत तरुण कलाकार शिरले, तिथे नव्वदच्या दशकात जे वादन रुजलं त्या साऱ्या परिसराला हेच नाव पडलं. कॅलेंडर दिसायला अगदी साधं आहे. तारीख, वेळ, जागा, वादकांची नावं आणि कोण काय वाजवणार, एवढंच. नवख्याला ते कोरडं वाटतं, कारण सगळी नावं अनोळखी असतात आणि ऐकावं कुणाला हे कुणी सांगत नाही. पण काही आठवडे नेमाने पाहिलंत की तीच नावं वेगवेगळ्या जोड्यांत पुन्हा पुन्हा दिसू लागतात. मग जागेपेक्षा वादकाचं नाव पाहून संध्याकाळ ठरवता येते, आणि माझ्या मते या कॅलेंडरचा खरा उपयोग तिथून सुरू होतो.

‘फील्ड नोट्स’चा पल्ला वेगळा आहे. समकालीन संगीतासाठी काम करणाऱ्या ‘इनिशिएटिव्ह नॉये मुझीक बर्लिन’ या संस्थेचा तो उपक्रम. त्यात लिहिलेल्या रचना वाजवणारी पथकं, संगीतनाट्य, ध्वनिकला असं सगळं येतं, शिवाय वाचायला लेख असतात. ज्याला आधी संदर्भ हवा आणि मग कार्यक्रम, त्याने इथून सुरुवात करावी. 2017 पासून हीच संस्था सप्टेंबरमध्ये समकालीन संगीताचा महिना भरवते. शहराची एकदम ओळख करून घ्यायची तर तो महिना उत्तम.

‘रेसिडेंट ॲडव्हायझर’ हे ॲप बहुतेकांच्या फोनवर असतंच. क्लबच्या रात्री आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रायोगिक बाजू यासाठी ते पुरतं, पण दोन व्हायोलिनं आणि एक ट्युबा अशी संध्याकाळ तिथे क्वचितच सापडेल. इन्स्टाग्रामवर विसंबू नये. पोस्ट दिसते तेव्हा कार्यक्रम बहुधा होऊन गेलेला असतो.

आता छोट्या खोल्या. माझा कौल उघडपणे यांच्याकडे आहे. प्रेन्झ्लाउअर बेर्गमधल्या लायशेनर रस्त्यावरचं ‘आउसलांट’ 2002 पासून तळघरात चालतं आणि माणसं ते पदरमोड करून, हौसेने चालवतात. नॉयकोल्नमध्ये कार्ल मार्क्स रस्त्यावर 28 क्रमांकाच्या घरात ‘केएम 28’ आहे. तिथे सूक्ष्म श्रुतींवर काम करणारे संगीतकार वरचेवर ऐकायला मिळतात. त्याच भागातलं ‘झोविझो’ जॅझच्या अंगाने सुधारित वादनाकडे जातं. मिटेमधल्या आउगुस्ट रस्त्यावरच्या ‘कुले’ या घरात 1990 साली कलाकार घुसून राहिले, आणि तिथेच 2000 साली ‘लाबोर झोनोर’ ही मैफलींची मालिका सुरू झाली. क्रॉयझबेर्गमधलं ‘मॉर्फीन राउम’ मुळात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. तिथला आवाज इतका स्वच्छ असतो की बाकी जागांतली गैरसोय त्यानंतर जास्त जाणवते.

छोट्या खोलीचा आग्रह धरण्यामागे संगीताचंच कारण आहे. 2000 च्या आसपास बर्लिनच्या सुधारित वादनात एक अतिशय संयत शैली घडली: आवाज अगदी हळू, मध्ये लांब शांतता, आणि वाद्याच्या नेहमीच्या सुराऐवजी त्याचा श्वास, घासणं, खरखर. आक्सेल ड्योर्नर ट्रम्पेटमधून नुसती हवा सोडतात आणि त्या हवेलाही आकार येतो. आंद्रेया नॉयमान पियानोच्या पट्ट्याच काढून टाकतात आणि उरलेली चौकट नि तारा वाजवतात. हे दहा फुटांवरून ऐकलं तर अंगावर येतं. सातशे माणसांच्या सभागृहात मागच्या रांगेत बसून ऐकलं तर काहीच घडत नाहीये असं वाटतं, आणि दोष संगीताला दिला जातो. आपल्याकडे बैठकीत समोर बसून ऐकलेला खर्ज आणि मैदानातल्या मंडपात स्पीकरमधून आलेला खर्ज यांत जो फरक, तोच इथेही.

मराठी श्रोत्याला इथे परकं वाटायचं कारण नाही, यालाही ठोस आधार आहे. स्वीडनच्या संगीतकार कॅथरिन क्रिस्टर हेनिक्स काही वर्षं बर्लिनमध्ये राहिल्या. 2023 मध्ये त्या वारल्या. त्या किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांच्या शिष्या. मिरज, कुंदगोळ आणि पुण्यामुळे जे घराणं आपल्याला घरचं वाटतं, त्याच्या स्वरलगावाचा एक धागा असा या शहरात पोहोचला. सुराचं दीर्घ, अखंड धरणं आणि त्यातून उमलणारे स्वयंभू स्वर हा हेनिक्सच्या रचनांचा गाभा होता. अमेलिया कुनी या इटालियन गायिका दरभंगा परंपरेतल्या बिदुर मल्लिकांकडे धृपद शिकल्या, बर्लिनमध्ये राहिल्या आणि अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या सूक्ष्म श्रुतींच्या रागांवरच्या रचना त्यांनी गायल्या. तानपुऱ्याच्या जवारीत कान रमणाऱ्याला ‘केएम 28’मधली लांब, संथ वादनं सहज भिडतील. पहिल्याच दिवशी कर्कश इलेक्ट्रॉनिक गोंगाटाला जाऊन ‘हे आपलं नाही’ असं ठरवून टाकू नका.

महोत्सवांचं गणित निराळं. ‘सीटीएम’ 1999 पासून जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन फेब्रुवारीत शिरतो आणि बेर्गहाइनसारख्या क्लबपासून नाट्यगृहांपर्यंत पसरतो. ‘मेर्त्समुझीक’ मार्चमध्ये असतो. त्याने ‘द लाँग नाऊ’ नावाचा सलग 30 तासांचा कार्यक्रम एका जुन्या वीजकेंद्रात केला होता, आणि लोक खाटांवर पडून ऐकत होते. त्याच इमारतीत उन्हाळ्याच्या अखेरीला ‘अटोनाल’ होतो. काँक्रीटच्या त्या प्रचंड पोकळीत खालचे सूर छातीत ऐकू येतात. पुणे-मुंबईहून किंवा युरोपातल्या दुसऱ्या शहरातून चार दिवसांसाठी येणाऱ्याने डोळे मिटून महोत्सव निवडावा, कारण एरवी वर्षभरात विखुरलेले कलाकार एका आठवड्यात ऐकता येतात. मात्र पास महाग असतात आणि नावाजलेल्या रात्री लवकर भरतात. शिवाय शहरात राहणाऱ्याला एक तोटा आहे. महोत्सव संपतो तेव्हा ओळख कुणाशीच झालेली नसते. छोट्या खोलीत एका संध्याकाळी दोन-तीन वादनं होतात, मधल्या वेळात सगळे बाहेर फुटपाथवर येतात, आणि आत्ताच वाजवून उठलेला माणूस शेजारीच उभा असतो. पुढच्या आठवड्यात कुठे जावं हे त्याला विचारता येतं.

ध्वनिकलेची वाट यांपासून वेगळीच ठेवावी, कारण ती दिवसाची आहे. क्रॉयझबेर्गमधली ‘डीएएडी’ या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची गॅलरी विनाशुल्क असते, आणि त्या संस्थेच्या निमंत्रणावरून शहरात येऊन राहणाऱ्यांत ध्वनीवर काम करणारे कलाकारही असतात. हाम्बुर्गर बानहोफ या जुन्या रेल्वेस्थानकातल्या संग्रहालयात दृश्यकलावंतांनी केलेल्या संगीतकृती मांडल्या गेल्या आहेत. ‘झिंगउअर’ या ध्वनिकलेच्या उपक्रमाने काही वर्षं प्रेन्झ्लाउअर बेर्गच्या जुन्या पाण्याच्या टाक्यांत ध्वनिकृती मांडल्या. मोठ्या टाकीत एक आवाज विरायला सुमारे 18 सेकंद लागायचे. वेडिंगमधलं ‘सायलेंट ग्रीन’ हे पूर्वीचं दहनगृह, तिथे मैफली आणि प्रदर्शनं दोन्ही होतात. संध्याकाळी घरी लहान मूल असेल, रात्रीचा प्रवास नको असेल किंवा तासभर एकाच आवाजासमोर गुपचूप बसायची सवय नसेल, तर ही वाट सर्वांत सोयीची. हवं तेव्हा उठता येतं.

पैशांचं म्हणाल तर छोट्या जागी प्रवेश बहुधा 10 ते 15 युरोंच्या आसपास असतो, किंवा दारातल्या डब्यात ऐच्छिक रक्कम टाकायची असते. तिथे रोख पैसे जवळ ठेवा आणि शक्य असेल तर चार युरो जास्त टाका, कारण ती रक्कम बऱ्याचदा थेट वादकांत वाटली जाते. सूचनेत ‘आइनलास’ म्हणजे दार उघडायची वेळ आणि ‘बेगिन’ म्हणजे सुरुवात. उशीर झाला तर पहिलं वादन संपेपर्यंत बाहेर थांबावं लागू शकतं.

बर्लिनने डिसेंबर 2024 मध्ये पुढच्या वर्षाच्या सांस्कृतिक खर्चातून सुमारे 13 कोटी युरो कापले. त्याची झळ सगळ्यात आधी अशाच जागांना बसते. म्हणून जुन्या यादीवर किंवा मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या शिफारशीवर न जाता, निघण्याआधी त्या जागेचं स्वतःचं पान त्याच दिवशी पाहा. वर्षभर राहणार असाल तर एख्टत्साइटमुझीकचं कॅलेंडर आणि घरापासून जवळची एक खोली एवढंच पुरे, महोत्सवाचा विचार पुढच्या हिवाळ्यात करा. आणि नुसतं ऐकायचं नसून स्वतःलाही वाजवून पाहायचं असेल, तर ‘एक्स्प्लोराटोरियम बर्लिन’मध्ये सुधारित वादनाची खुली सत्रं होतात. तिथे तबला किंवा बासरी घेऊन गेलात तरी कुणाला नवल वाटणार नाही.